नायक जुनाच वाटतोय? नवा घडवायची रीत

कथा लिहायला बसलेल्या नवख्या माणसाच्या वहीत पहिल्या पानावर बहुतेक वेळा यांच्यापैकी कोणीतरी असतं: मुलगा अमेरिकेत गेलेला निवृत्त गृहस्थ, लिहिणं अडलेला लेखक, बऱ्याच वर्षांनी गावी परतलेला तरुण, आयटीत दमलेली बायको, ध्येयवादी मास्तर, कर्जबाजारी शेतकरी. यांच्यात वाईट कोणीच नाही. अडचण इतकीच की यांचा पुढचा रस्ता वाचकाला पाठ आहे. निवृत्त गृहस्थ गॅलरीत चहा घेऊन बसले की फोन वाजणार आणि तो मुलाचा असणार, हे वाचक लेखकाच्या आधी ओळखतो.

यात प्रतिभेचा दोष नसतो. लिहिणारा ज्या खुर्चीत बसतो तिथून जी माणसं दिसतात तीच नायक होतात आणि लिहिणाऱ्यांच्या खुर्च्या साधारण एकाच मजल्यावर असतात. म्हणून नवा नायक हवा असेल तर डोकं खाजवण्यापेक्षा खुर्ची हलवणं सोपं. कुठे हलवायची, त्याची रीत खाली दिली आहे. एका कथेला या रीतीने साधारण महिना लागतो. त्यातले शेवटचे आठ-दहा दिवसच प्रत्यक्ष लिहिण्यात जातात.

आधी झिजलेल्यांची मोजदाद

मागच्या वर्षीचे दोन दिवाळी अंक घ्या. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेची ही हक्काची जागा. दोन अंकांत पंधरा-वीस कथा सहज निघतात. वहीचं पान आडवं धरून चार रकाने आखा: नायक काय काम करतो, वय किती, घरात त्याचं नातं काय आणि त्याच्या हातात कोणता निर्णय आहे.

पहिले तीन रकाने भराभर भरतात. चौथा बहुतेक कोरा राहतो. नायकाला दुःख होतं, जुनं आठवतं, खिडकीतून पाऊस दिसतो. पण त्याने काही केलं किंवा करायचं टाळलं म्हणून दुसऱ्या कोणाचं बरंवाईट झालं, असं क्वचित घडतं. हा कोरा रकानाच कामाचा आहे. नवेपणा पहिल्या रकान्यात शोधायला गेलात की अंध मुष्टियोद्धा, बोलणारा कावळा, संस्कृत बोलणारा चोर असले प्रकार सुचतात. पहिल्या पानावर गंमत वाटते, तिसऱ्या पानापर्यंत कळतं की या माणसाला करायला काहीच नाही.

शोधायचा आहे तो असा माणूस: ज्याच्या हातातून दुसऱ्यांची आयुष्यं रोज जातात, ज्याला त्यातलं थोडंसं अडवता येतं आणि ज्याला कथेत आजवर दोन ओळींपलीकडे जागा मिळालेली नाही. दार उघडणारा, सही करणारा, वजन सांगणारा, यादीत नाव लिहिणारा.

माणूस कुठे सापडतो

पहिली जागा कामाची. ऊसतोडीचंच घ्या. नवराबायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या हिशेबाने मिळते. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. नवरा गेलेल्या बाईने हंगामापुरता दुसरा अर्धा कुठून आणायचा? भाऊ, दीर, की पोराची शाळा सोडवून पोरगाच? ऊसतोडीवर लिहिलेलं पुष्कळ आहे. पण ‘अर्धा कोयता’ या दोन शब्दांत शिरलं की तोच फड वेगळा दिसायला लागतो.

किंवा मोजणीला येणारा भूकरमापक. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. त्याचे सोळा आणे. ३३० फूट लांबीच्या बांधावर हद्दीची खूण एक फूट इकडे सरकली तर ३३० चौरस फूट सरकतात, जवळजवळ पाच आणे. तेवढ्यासाठी दोन भाऊ वीस वर्षं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. मापक सकाळी येतो, मोजतो, खुणा दाखवतो, जबाब घेतो आणि संध्याकाळी निघून जातो. भाऊबंदकीच्या कथेत तो आजवर जीपमधून उतरण्यापुरता आला. त्याच्या बाजूने बघितलं तर रोज नवं गाव, रोज नवे दोन भाऊ, आणि दोघंही त्यालाच जेवायला बोलावतात. कोणाकडे जेवायचं, इथूनच कथा सुरू होते.

मुक्कामी एसटीचा वाहकही असाच. रात्री शेवटच्या गावात गाडी थांबते, पहाटे तीच गाडी परत निघते. मधली रात्र तो आणि चालक गाडीत नाहीतर देवळात काढतात आणि दिवसभराची रोकड उशाशी असते. बाजार समितीतला मापाडी घ्या: काट्यावर पोतं चढतं, आकडा त्याच्या तोंडून निघतो आणि तोच शेतकऱ्याच्या पट्टीवर येतो.

दुसरी जागा नात्यांची, आणि मराठीला इथे मोठी श्रीमंती आहे. जाऊ, नणंद, भावजय, मामी, विहीण, घरजावई, मधला भाऊ: प्रत्येक शब्दाला हक्क आणि बंधनं चिकटलेली आहेत. आई आणि मुलगा यांच्यावर वाट्टेल तेवढं लिहिलं गेलं, व्याह्यावर किती? मुलीच्या घरी जेवायचं नाही, नातवंड होईपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असं मानणारी घरं होती आणि काही ठिकाणी अजून आहेत. अशा घरातल्या सत्तरीच्या माणसाला डायलिसिससाठी शहरात मुलीकडे राहावं लागलं तर? आठवड्यातून दोन-तीन वाऱ्या, प्रत्येक वेळी चारेक तास, न्यायला-आणायला जावई. दवाखान्याने पाणी मोजून प्यायला सांगितलेलं. तो पितो ते मोजकं पाणीही मुलीच्या घरचं. इथे वेगळं काही ‘सुचवावं’ लागत नाही.

तिसरी वयाची. दहावीच्या परीक्षेत दृष्टिहीन विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो. तो खालच्या इयत्तेतला असावा लागतो आणि वेळ तासाला २० मिनिटं वाढवून मिळतो. तीन तासांच्या पेपराला एक तास जास्त. लेखनिक म्हणून बसलेली नववीतली हुशार मुलगी घ्या. विद्यार्थी सांगतो ते उत्तर चूक आहे हे तिला कळतंय. तिने फक्त लिहायचं आहे. एक वर्ग, चार तास, दोन मुलं आणि दारात पर्यवेक्षक. नवख्याने पहिल्या कथेसाठी हीच घ्यावी. जागा एकच असल्याने भरकटायला वाव राहत नाही.

काळ बदलूनही जुना माणूस नवा होतो. कारकून म्हटलं की आपण जांभई देतो. तोच कारकून १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर मस्टर, म्हणजे हजेरीपट, घेऊन बसवा. ओळीत उभ्या असलेल्यांतलं कोणाचं नाव चढणार आणि कोणाचं उद्यावर जाणार, हे त्याच्या टाकावर.

पाच प्रश्न

माणूस हाती लागला की लगेच लिहायला घेऊ नका. त्याला पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं एकेका वाक्यात लिहा. त्याच्या हातातून काय जातं? तो काय अडवू किंवा लांबवू शकतो? त्याची वाट कोण बघतं? त्याला असं काय ठाऊक आहे जे उघड बोलायची सोय नाही? आणि चुकला तर त्याचं स्वतःचं काय जातं?

पाचपैकी चार उत्तरं ठोस हवीत. ‘त्याच्या हातातून माणुसकी जाते’ हे उत्तर नव्हे. वस्तू, कागद, पैसे, वेळ, नाव यांपैकी काहीतरी हवं. चौथा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. त्याचं उत्तर सापडलं नाही तर हा माणूस दुय्यम पात्र म्हणून ठेवा आणि दुसरा शोधा. त्यात कमीपणा नाही. दहातले सात इथेच गळतात.

आता एकच माणूस घेऊन शेवटपर्यंत जाऊ: गावात नळाला पाणी सोडणारा. ग्रामपंचायतीचा कर्मचारी, पगार तुटपुंजा आणि तोही थकलेला. मुंबईत याला चावीवाला म्हणतात, काही गावांत वॉलमन, कुठे नुसताच पाणीवाला.

त्याच्या हातातून पाणी जातं. तो ते एका आळीला दहा मिनिटं उशिरा सोडू शकतो. त्याची वाट अख्खं गाव बघतं, त्यातही बायका, आणि रोज. चुकला तर नोकरी जाते. पण त्याआधी भर चौकात शिव्या मिळतात आणि त्या त्याच्या पोरांनाही ऐकू येतात. राहिला चौथा प्रश्न: याला काय ठाऊक आहे? त्याचं उत्तर घरबसल्या मिळत नाही.

माहिती गोळा करताना

त्या कामाच्या ठिकाणी तीन वेळा जा, आणि तीनही वेळा वेगवेगळ्या प्रहरी. पाण्याच्या बाबतीत एकदा पहाटे मोटर सुरू होताना, एकदा पाणी सुटलेलं असताना आणि एकदा काहीच चालू नसताना दुपारी. दुपारची खेप लोक टाळतात, पण बोलणं तेव्हाच होतं. ओळख सांगा, लिहिण्यासाठी विचारतोय हे आधीच स्पष्ट करा, विचारल्याशिवाय फोनवर रेकॉर्डिंग लावू नका. वयाने मोठे असतील तर मामा, काका. बरोबरीचे असतील तर दादा. बाई असतील तर ताई किंवा मावशी. ‘सर’ म्हटलंत की समोरचा माणूस सरकारी उत्तरं द्यायला लागतो.

‘या कामाबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारू नका. ‘बरं वाटतं, सेवा आहे’ एवढंच मिळेल. विचारायचं ते हे: काल काय बिघडलं? सगळ्यांत आधी कोणाचा फोन येतो? नव्या माणसाकडून पहिली चूक कोणती होते? हे हत्यार कोणी करून दिलं?

अशा प्रश्नांतून हाती येतं ते साधारण असं. नदीकाठच्या विहिरीवर मोटर आहे. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप, गळायला लागला की मोटर हवा धरते, नुसती फिरते, पाणी ओढत नाही. मग कळशीने पाणी ओतून पाइप भरावा लागतो. व्होल्टेज पडलं की स्टार्टर ट्रिप होतो. पाणी उंच टाकीत चढतं. टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, टाकायची: हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीला पाव किलो. ती तशीच फेकायची नाही; बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ तेवढी टाकीत ओतायची. घाई केली तर चुना नळातून येतो आणि गाव म्हणतं, पाणी दुधासारखं आलंय. मग सगळ्यांत लांबच्या नळाचं पाणी बाटलीत घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे, थेंब टाकायचे. पिवळं झालं तर औषध तिथवर पोचलं.

पुढे व्हॉल्व्ह. जमिनीत चेंबर, वर झाकण, आत कधी बेडूक, कधी विंचू. लांब टी-चावीने आटे फिरवायचे. एकदम उघडला तर पाण्याचा धक्का बसून जोड निखळतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: खालच्या आळीचा व्हॉल्व्ह दोन आटे जरी उघडा राहिला तरी वरच्या आळीला पाणी चढत नाही. लोखंडाच्या दांड्याचे दोन फेरे, एवढीच त्याची सत्ता.

चौथ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच दडलेलं असतं. पाणी सुटलं की काही घरं नळाला थेट मोटर लावून ओढून घेतात. कोण लावतं हे कोणी कबूल करत नाही. पण पाण्याच्या वेळेत लाइट गेली की वरच्या आळीचे नळ अचानक धो-धो वाहायला लागतात. का, हे पाणी सोडणाऱ्याला कळतं. कोणाच्या नळाला धार येते आणि कोणाच्या घरातून त्याच क्षणी शिव्या ऐकू येतात, यावरून घरंही कळतात. त्यातलं एक घर सरपंचाच्या मेव्हण्याचं निघालं की कथेला वीज बाहेरून आणावी लागत नाही.

तीन भेटींअखेर वहीत या तीन गोष्टी असाव्यात: त्या कामातले चाळीसेक शब्द, एका दिवसाचा तासवार तक्ता आणि पैशाचा हिशेब. पगार किती, कधी मिळतो, वरचं काही मिळतं का, घरखर्च कसा भागतो. नवखे लेखक पैसे विचारायला लाजतात, आणि मग कथेतला गरीब माणूस नुसताच गरीब राहतो. किती रुपयांनी गरीब, ते कळत नाही.

आणखी एक. ज्याच्याशी बोललात त्याचं गाव, नाव, घरची माणसं जशीच्या तशी कथेत घालू नका. दोन-तीन माणसांचं मिळून एक करा. कथा छापून आल्यावर ओळखलं जाण्याची किंमत त्याला मोजावी लागते.

इच्छेला तारीख हवी

‘त्याला सन्मान हवा आहे’ यावर पान हलत नाही. इच्छा लहान घ्या, मोजता येईल अशी, आणि तिला तारीख लावा. आपल्या पाणीवाल्याचा पाच महिन्यांचा पगार थकलाय. १ मेला ग्रामसभा आहे; तिथे विषय निघाला तर निघाला, नाहीतर पावसाळ्यापर्यंत कोणी विचारणार नाही, कारण पाऊस पडला की पाणीवाल्याची कोणाला आठवण राहत नाही. एप्रिलची अखेर, विहिरीचा तळ दिसतोय, पाणी तिसऱ्या दिवशी एकदा. तारीख, ऋतू आणि गरज एका रेषेत आणायची ती अशी. हाच विषय श्रावणात लिहिलात तर सगळा दाब निघून जातो.

मग त्याला तीन निर्णय द्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा महाग. पहिला: वरच्या आळीत लग्न आहे, तिथे वीस मिनिटं जास्त सोडायची का? दुसरा: मेव्हण्याची मोटर बघितली, बोलायचं का? तिसरा: वायरमन ओळखीचा आहे, पाण्याच्या वेळेत गावाची लाइट बंद ठेवायला त्याला सांगायचं का? तसं केलं तर वरच्या आळीला पाणी मिळेल, आणि ग्रामसभेत त्याच्या बाजूने बोलणारा जो एकमेव माणूस आहे त्याची पिठाची गिरणी नेमक्या त्याच वेळेत चालते.

तिसऱ्या निर्णयात दोन्हीकडे काहीतरी खरोखर गमवावं लागलं पाहिजे. एक बाजू उघड बरोबर आणि दुसरी उघड चूक असेल तर तो निर्णयच नव्हे. वायरमनऐवजी तुम्हाला दुसरं काही सुचलं तर बेलाशक वापरा, ही चौकट आहे.

बोली किती वापरायची

जेवढी शेवटपर्यंत सांभाळता येईल तेवढीच. एका बोलीच्या तीन-चार खुणा निवडा आणि त्याच धरून चाला. वऱ्हाडी असेल तर ‘मले, तुले, कायले’; मालवणी असेल तर ‘माका, तुका, खंय’. बोली संवादात ठेवायची की निवेदनातही, हे पहिल्याच पानावर ठरवा आणि मध्येच बदलू नका. सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे मिसळ: नायक कोकणातला आणि तोंडात ‘लई भारी’. दुसरी चूक जरा खोलवरची आहे. गावातला शिपाई बोलीत बोलतो आणि तालुक्याचा साहेब प्रमाण मराठीत, असं सरसकट केलं की बोली म्हणजे अडाणीपणाची पाटी होते. साहेबही कुठल्यातरी गावचाच असतो. चिडला की तोही घरच्या भाषेत येतो.

नाव ठेवताना गाव त्याला काय म्हणतं ते बघा. रेशनकार्डावरचं नाव कथेत एकदाच आलं तरी पुरतं, आणि तेही कोणी रागावून पूर्ण नावाने हाक मारेल तेव्हा.

पहिलं पान

पहिल्या ३०० शब्दांत नायकाचे हात कामात असले पाहिजेत. त्याचं वर्णन नको, पूर्वेतिहास नको, सकाळचं निसर्गचित्र तर मुळीच नको. नमुन्यादाखल:

“मोटर बंद केली तेव्हा पाच वाजून दहा झाले होते. बापूने चावी खांद्यावर टाकली आणि मारुतीमागचं झाकण पायानेच सरकवलं. आत टॉर्च मारला. काल बेडूक होता, आज नव्हता. म्हणजे दुसरं काहीतरी असणार. चावीने लोखंडावर दोनदा ठोकलं, थांबला, मग बसवली. खालच्या आळीचं बंद करायला अठरा आटे. पंधरा, सोळा. वरच्या अंगाला कोणाची तरी कळशी ओट्यावर टेकली. ‘बापू, आज तरी?’ त्याने मान वर केली नाही. चावी काढून घेतली.”

दोन आटे राहिले. का राहिले ते सांगितलेलं नाही, आणि दोन आट्यांनी काय होतं हेही नाही. ते दुसऱ्या पानावर, कोणीतरी भांडायला आल्यावर कळेल. कामाची माहिती वाचकाला द्यायची ती अशी, गरज पडेल तेव्हा आणि गरज पडेल तेवढी. टीसीएलचा अख्खा परिच्छेद कथेत घातलात तर ते पंचायतीचं माहितीपत्रक होईल. वहीतल्या चाळीस शब्दांपैकी कथेत बारा-पंधरा आले तरी पुष्कळ.

लिहून झाल्यावर

आधी बदली कसोटी. नायकाच्या जागी शाळामास्तर ठेवून कथा मनातल्या मनात वाचा. काहीच अडलं नाही, तर तुमचा नवा नायक म्हणजे जुन्याच माणसावर चढवलेला नवा सदरा. किमान तीन प्रसंग असे हवेत की जे या कामाशिवाय घडूच शकत नाहीत. दोनच असतील तर तिसरा शोधा. शून्य असतील तर पाच प्रश्नांकडे परत.

मग दया तपासा. ‘बिचारा’, ‘निष्पाप डोळे’, ‘भेगाळलेले हात’ असले शब्द दिसतील तिथे खोडा. नवा नायक शोधणाऱ्याला त्याच्याविषयी कणव वाटते आणि मग तो त्याला एकही वाईट गोष्ट करू देत नाही. पाणीवाल्याने एखाद्या दिवशी जुना राग काढायला एखाद्या घराचं पाणी तोडलंच पाहिजे. वाचक त्याला तिथेच पहिल्यांदा माणूस म्हणून ओळखतो.

रूपकाचा मोह आवरा. पाणी म्हणजे जीवन, बांध म्हणजे मनातली भिंत, एसटी म्हणजे आयुष्याचा प्रवास. हे वाचकाला आपसूक सुचतं. तुम्ही लिहिलंत की विझतं.

बाहेरच्या माणसाकडे लक्ष ठेवा. चौथ्या-पाचव्या पानावर पुण्याहून एखादी पत्रकार किंवा संशोधक येते, नायकाशी बोलते, तिला काहीतरी उमगतं आणि कथा तिची होऊन बसते. हे फार वेळा होतं, कारण लेखकाला तिच्या डोक्यात शिरणं सोपं जातं. ती आलीच तर तिला चहा पाजून परत पाठवा.

शेवटी मरण असेल तर एकदा ते काढून बघा. नव्या प्रकारच्या नायकाला शेवटच्या पानावर मारणं ही पळवाट असते. त्याचं पुढे काय होईल हे लेखकाला सुचलेलं नसतं. आपल्या कथेत १ मे उजाडतो, ग्रामसभा होते आणि २ मेला पहाटे कोणीतरी मोटर सुरू करतं. ते कोण, एवढंच ठरवायचं आहे.

कच्चा खर्डा ज्याच्याकडून माहिती घेतली त्याला वाचून दाखवा, हातात देऊ नका. ‘गोष्ट कशी वाटली?’ असं विचारलंत तर तो चांगलीच म्हणेल. ‘यातलं काय कधीच होणार नाही?’ हे विचारा. मोटर चालू ठेवून कोणी घरी जात नाही, पहाटेचा टॉर्च हातात नसतो, दातात धरलेला असतो, असं काहीतरी तो सांगेल. तेवढं दुरुस्त करा आणि कथा पाठवा. बहुतेक दिवाळी अंकांना मजकूर पावसाळ्यातच लागतो, त्यामुळे खर्डा मेअखेर हातात असला तर हे वाचून दाखवायला वेळ मिळतो.